गोचीड निघाली, ताप राहिला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आजचा विषय: पाऊस सुरू झाल्यावर कुत्र्यांच्या दवाखान्यात जी गर्दी होते, ती कशाची?

क्रांती चौक, उस्मानपुरा, समर्थनगर, कुठल्याही भागातला प्राण्यांचा दवाखाना डोळ्यासमोर आणा. एका शटरची जागा, बाहेर दुचाक्या, आत स्टीलचं टेबल, वजनकाटा, लसींचा फ्रिज. टेबलावर लॅब्रॅडॉर. सोबतचा मुलगा सांगतोय, "डॉक्टर, दोन दिवसांपासून जेवत नाहीये. गरमी खूप आहे ना, म्हणून असेल."

खरी गोम या "गरमी आहे म्हणून" मध्ये आहे. आपल्या शहरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. कुत्रं थोडं कमी खातं, फरशीवर पडून राहतं, हे खरंच. त्यामुळे जूनमध्येही ते सुस्त दिसलं की आपण तेच कारण चिकटवतो. आणि तेवढ्यात गोचीड ताप आपलं काम करून जातो.

आता हा ताप नेमका येतो कसा ते बघू. आपल्याकडे कुत्र्यांवर दिसते ती तपकिरी गोचीड. ती रक्त पिते, आणि पिताना जंतू सोडते. मुख्य जंतू दोन: एर्लिकिया पांढऱ्या पेशींत शिरतो, बबेसिया लाल पेशी फोडतो. बबेसियात लघवी चहा-कॉफीच्या रंगाची होऊ शकते. एर्लिकियात प्लेटलेट घसरतात, नाकातून रक्त येऊ शकतं, हिरड्या फिकट पडतात.

पण मंडळी, गोचीड चावली आणि दुसऱ्या दिवशी ताप आला, असं होत नाही. एर्लिकियाची लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन आठवडे जातात. म्हणजे तुम्ही रविवारी बसून सगळ्या गोचिड्या काढल्या, आंघोळ घातली, विषय संपला असं समजलात. आणि ताप येतो त्यानंतर. तेव्हा अंगावर एकही गोचीड नसते. डॉक्टर विचारतात, "गोचीड होती का?" आपण म्हणतो, "नाही." प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं गेल्या महिन्याचं, आपण देतो आजचं. तेवढ्या एका "नाही"मुळे तपासणी उशिरा होऊ शकते.

मग रक्ततपासणी होते. एर्लिकिया निघाला तर बहुतेकदा डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण चार आठवडे. बबेसियाची औषधं वेगळी, म्हणून मेडिकलमधून अंदाजाने गोळ्या आणू नका. आणि हा कोर्स अर्धवट सोडणं, माझ्या मते, सगळ्यात महागात पडतं. दोन-तीन दिवसांत कुत्रं उठतं, शेपूट हलवतं, पोळी खातं. घरातलं कुणीतरी म्हणतं, "झालं की बरं, कशाला उगाच गरम औषधं?" गोळ्या बंद. जंतू शरीरात दबून राहतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, थेट अस्थिमज्जेवर उलटतो. नवीन रक्तच नीट तयार होत नाही. त्या टप्प्यावर डॉक्टरांच्या हातात फार थोडं उरतं.

बरं, इतकं करून गोचिड्या परत का येतात? कारण त्या राहतात तुमच्या घरात. या गोचिडीचं बहुतेक आयुष्य कुत्र्याच्या अंगाबाहेर जातं. पोट भरलं की मादी खाली उतरते, भिंत चढते आणि फटीत, चौकटीमागे, गादीखाली हजारोंनी अंडी घालते. म्हणून फक्त कुत्र्याला औषध लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. फटी बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा, कोपरे व्हॅक्यूम करा, आणि कुत्र्याचं गोचीडरोधक औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला न चुकता द्या. पावसाळ्याची वाट बघू नका. मेमध्येच सुरू करा.

काढताना चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. नखाने चिरडू नका. रॉकेल लावू नका. कृषी केंद्रातून गाई-म्हशींचं औषध आणून "थोडंसं" लावणं तर अजिबात नको; तिथली मात्रा मोठ्या जनावरांची असते. घरात मांजर असेल तर अजून जपा: कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि मांजराला ते विषासारखं आहे. तसंच पॅरासिटामॉल. अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

उन्हाचंही पटकन सांगतो, कारण ते मिनिटांचं काम आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. हाताला गरम लागलं म्हणून ताप समजू नका, थर्मामीटर लावा. १०५ च्या वर गेलं, जोरजोरात धाप लागली, लाळ गळू लागली, चाल अडखळली, तर आधी साधं पाणी ओता आणि पंखा लावा, मग दवाखाना गाठा. नळाला रोज पाणी नसलं तरी ड्रम रिकामा करा. पग किंवा बुलडॉग असेल तर दुपारी बाहेर काढूच नका. चपट्या नाकामुळे धाप टाकून त्यांचं अंग थंड होत नाही.

आणि आज घरी गेलात की एक करा. कुत्र्याचे कान उलटून आत बघा, पंजाच्या बोटांमध्ये बघा, गळपट्ट्याखाली बघा. काही सापडलं तर काढा आणि मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ती तारीख टाका. पुढचे तीन आठवडे कुत्रं जेवलं नाही, तर डॉक्टरांना पहिली तीच तारीख सांगा.