मधुमेह आणि सकाळची न्याहारी

घरांतील वडील माणसास मधुमेह आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें म्हणजे पहिल्या दिवशीं चहांतील साखर बंद होते. हें चांगलेंच, परंतु तेवढ्यानें काम भागलें अशी जी पुष्कळांची समजूत असते ती खरी नव्हे. चहा बिनसाखरेचा, पण त्याबरोबर चार बिस्किटें आणि वर बशीभर पोहे, असा क्रम चालू असेल तर रक्तांतील साखर उतरावी कशी? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा जो वृत्तांत २०२३ सालीं प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें या देशांत १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तेव्हां हा विषय आमच्या विद्यार्थ्यांच्या घरचाच आहे.

तांदूळ, गहूं, ज्वारी, बटाटा यांतील पिष्टाची पचनानंतर साखरच बनते. ती शरीराच्या कामीं लागावी म्हणून स्वादुपिंडांतून इन्सुलिन हा स्राव निघतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहांत हा स्राव असतो, पण शरीर त्यास पूर्वीसारखी दाद देत नाहीं, आणि पुढें तो अपुराही पडूं लागतो.

'आमचे वडील तर सडपातळ आहेत, मग त्यांस हा रोग कसा?' असा प्रश्न आम्हांस विद्यार्थी विचारतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आपलें आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचें एकत्र छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण चरबी मोजली तों युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आरशावर विसंबून राहण्यांत अर्थ नाहीं, तो असा.

आतां न्याहारीविषयीं. पहाटे शरीरांत कांहीं स्राव वाढतात. त्यांच्या योगानें यकृत सांठविलेली साखर रक्तांत सोडतें व इन्सुलिनचा जोरही कमी पडतो. म्हणून पुष्कळ रोग्यांची साखर दुपारच्या जेवणापेक्षां सकाळच्या खाण्यानें अधिक चढते. यास्तव सकाळीं पिष्ट थोडें आणि प्रथिनें अधिक, हा क्रम आम्हांस सर्वांत सोयीचा वाटतो. मोड आलेल्या मटकीची उसळ, मुगाचें किंवा बेसनाचें धिरडें, उकडलेलीं अंडीं, हे पदार्थ आपल्याच स्वयंपाकघरांतले आहेत. पोहे सोडलेच पाहिजेत असें नाहीं. ते मूठभर कमी घ्यावे, त्यांत शेंगदाणे व मटार घालावे, आणि शेजारीं उसळीची वाटी असावी. ती वाटी आधीं संपविली तर अधिक बरें, कारण भाजी व प्रथिनें अगोदर पोटांत गेलीं म्हणजे मागून येणाऱ्या पिष्टाची साखर सावकाश चढते.

साबुदाण्यासंबंधीं मात्र आम्हांस स्पष्ट बोललें पाहिजे. १०० ग्रॅम साबुदाण्यांत सुमारें ८७ ग्रॅम पिष्ट असून प्रथिनें जवळजवळ नाहींतच. दाण्याच्या कुटानें दोष थोडा कमी होतो, पण उपवासाची ती मोठी बशी मधुमेह्यास परवडणारी नव्हे. गूळ आणि मध यांस निरुपद्रवी मानणारेही पुष्कळ भेटतात; रक्ताच्या दृष्टीनें तीही साखरच. नाचणी चांगली खरी, तरी तिची भाकरी खावी. बारीक पिठाची पातळ पेज लवकर पचते व साखर लवकर चढविते. पेरूच्या फोडी खाव्या, फळांचा रस पिऊं नये.

दुपारीं व रात्रीं हाच नियम. अर्धें ताट भाज्या व कोशिंबीर, पाव भाग वरण, उसळ किंवा मासे, उरलेल्या पाव भागांत भात अथवा भाकरी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटें चालल्यास स्नायु साखर वापरतात.

एक इशारा. जे इन्सुलिन टोंचून घेतात किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेतात, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून न्याहारी टाळूं नये किंवा एकदम कमी करूं नये. त्यांची साखर ७० च्या खालीं उतरली तर घाम सुटतो, हात कांपतात, बोलणें असंबद्ध होतें. अशा वेळीं घरीं एखादा विद्यार्थीच असेल तर त्यानें तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून रोग्यास पाजावी, व पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा तितकीच द्यावी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडांत कांहीं न घालतां त्यास कुशीवर निजवावें आणि तत्काळ इस्पितळांत न्यावें.