सौर वादळाच्या पुढे धावणारे कण

सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर सुमारे आठ मिनिटांत पोहोचतो. सूर्याच्या प्रभामंडलातून उसळलेल्या प्लाझ्माच्या मेघाला, म्हणजेच ‘सीएमई’ला, त्याच अंतरासाठी साधारणतः एक ते तीन दिवस लागतात. या दोहोंच्या मधल्या काळात, कधी तासाभरातच, ऊर्जावान भारित कण दाखल होतात. उपग्रह आणि अंतराळवीरांना मोठा धोका यांचाच असतो. ऑगस्ट १९७२ मध्ये अशा कणांचा तीव्र वर्षाव झाला, तो अपोलो-१६ आणि अपोलो-१७ या चांद्रमोहिमांच्या मधल्या काळात. त्या वेळी चंद्राच्या वाटेवर कोणीही नव्हते, हा निव्वळ योगायोग.

या कणांना एवढी ऊर्जा मिळते कोठून? सौरवारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने वाहत असतो. त्यातून एखादा मेघ हजार किलोमीटरहून अधिक वेगाने निघाला, की त्याच्या अग्रभागी आघात तरंग निर्माण होतो. ध्वनीहून वेगवान विमानापुढे हवेत घडते तसेच हे. मात्र अवकाशातील प्लाझ्मा इतका विरळ असतो, की कणांची परस्परांशी टक्कर जवळजवळ होतच नाही. हा आघात चुंबकीय व विद्युत क्षेत्रांच्या बळावर उभा राहतो. तीच क्षेत्रे काही कणांना तरंगाच्या अलीकडे-पलीकडे वारंवार परतवतात. एकमेकींकडे सरकणाऱ्या दोन भिंतींमध्ये चेंडू उसळत राहावा आणि प्रत्येक फेरीत त्याचा वेग वाढावा, असा हा प्रकार.

खरे कोडे पुढे आहे. सारख्याच वेगाचे दोन आघात असले, तरी एकातून कणांचा पूर येतो, दुसऱ्यातून जेमतेम शिंतोडे. यामागील एक कारण म्हणजे ‘बीजकण’: आधीच्या उद्रेकांनी मागे सोडलेले, सौरवाऱ्याहून अधिक ऊर्जा असलेले कण. आघात त्यांनाच सहज उचलतो.

‘आदित्य-एल१’ यानावरील ‘अ‍ॅस्पेक्स’ हे उपकरण नेमके हेच मोजते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने ते विकसित केले आहे. त्यातील ‘स्टेप्स’चे सहा संवेदक वेगवेगळ्या दिशांनी येणारे कण टिपतात, ‘स्विस’ हा भाग मूळ सौरवाऱ्याचे मापन करतो. ६ जानेवारी २०२४ पासून हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील एल१ बिंदूभोवती फिरत आहे.

तेथून नेहमीचा सौरवारा पृथ्वीपर्यंत तासाभरात पोहोचतो. सेकंदाला ७५० किलोमीटर वेगाचा आघात मात्र अवघ्या ३३ मिनिटांत. आघाताच्या पुढे निसटलेल्या कणांची संख्या काही तास आधीच वाढू लागली, तर हाच अवधी बराच लांबू शकतो.