खात्रीच्या हवेत लांब उडता येत नाही

३ जुलै २०१२ रोजी अमेरिकेचा डस्टिन मार्टिन टेक्सासमधल्या झपाटा या गावाहून इंजिन नसलेल्या हँग ग्लायडरवर निघाला आणि दिवसभर, सुमारे अकरा तास उडून ७६४ किलोमीटरवर उतरला. असा विक्रम ऐकला की वाटतं, त्या दिवशी हवेची पूर्ण खात्री असणार. माझ्या मते ज्या दिवशी हवेची खात्री असते, त्या दिवशी असं उड्डाण होतच नाही. उत्तम हँग ग्लायडरला स्थिर हवेत एक किलोमीटर उंचीमागे जेमतेम पंधरा किलोमीटर अंतर मिळतं. बाकीचं सगळं वाटेत पुन्हा पुन्हा उंची कमावून काढावं लागतं आणि ती उंची देतात थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारे हवेचे झोत. वर चढणारी कोरडी हवा दर शंभर मीटरला सुमारे एक अंश थंड होते. भोवतालची हवा तिच्याहून गार असेल तोवरच ती चढत राहते. त्यामुळे वरची हवा पुरेशी गार, अस्थिर असावी लागते. निरभ्र, निवांत, स्थिर दिवशी वैमानिक थोड्याच वेळात जमिनीवर येतो. अस्थिरतेला ओलाव्याची जास्त साथ मिळाली, तर झोताच्या माथ्यावरचा कापसासारखा दिसणारा ढग दुपारी गडगडाटी होतो. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला इथे एवा विस्नेर्स्का या पॅराग्लायडर वैमानिकेला अशा ढगाने ९,९०० मीटरहून वर ओढून नेलं. ती बेशुद्ध झाली, तरी वाचली. त्याच वादळात सापडलेला एक चिनी वैमानिक दगावला.

मग हा जिवावरचा जुगार नाही का? धोका खरा आहे आणि तो कमी लेखणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. पण जुगारात डाव लावला की हात बांधले जातात. इथे दर काही मिनिटांनी निर्णय फिरवता येतो. पुढचा ढग माथ्याकडे भराभर फुगतोय की कडा विरून मोडतोय? खालचं मोकळं शेत अजून आवाक्यात आहे का? उंचीतला चढ-उतार सांगणाऱ्या व्हेरिओमीटरची टिकटिक जलद होते, एका बाजूचा पंख उचलला जातो, आणि वैमानिक दांडीखाली अंग सरकवून त्याच बाजूला वळतो. उंची भरपूर असेल तर तो कमजोर झोत सोडून पुढे जातो. जमीन जवळ आली असेल तर त्याच झोताला चिकटून राहतो. शंभर किलोमीटर उडून झाल्यावर वादळ दिसलं म्हणून उतरणारा वैमानिक मला विक्रमवीराइतकाच जाणता वाटतो.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं वाऱ्याचं दान आहे. ताशी सरासरी सत्तर किलोमीटरचा वेग पाठीवर वारा असल्याशिवाय मिळत नाही, हे कबूल. उन्हाळ्यात मेक्सिकोच्या आखातावरून येणारा दमट वारा झपाट्यावरून उत्तरेकडे वाहतो, ढगांच्या लांबच लांब ओळी लावतो. म्हणूनच तर वैमानिक तिथे जमतात. पण तोच वारा दर वर्षी वाहत असूनही २००१ मध्ये मानफ्रेड रूमरने तिथून केलेला सातशे किलोमीटरचा विक्रम अकरा वर्षं टिकला. हवामानाचे अंदाज आता बरेच नेमके झाले आहेत हेही खरं, पण ते प्रदेशाबद्दल बोलतात. अमुक शेतावरचा काहीशे मीटर रुंदीचा, थोड्या वेळात विझणारा झोत त्यांत दिसत नाही. तो घिरट्या घालणाऱ्या गिधाडांवरून, उडणाऱ्या धुळीवरून, ढगाच्या सपाट काळसर तळावरून ओळखावा लागतो.

तिथे दोन डोळ्यांपेक्षा चार बरे. मार्टिनबरोबर त्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा जॉनी ड्युरँड जवळजवळ सगळी वाट उडत होता. एक जण चढू लागला की दुसऱ्याला झोत कुठे आहे ते कळायचं, एक जण खाली जाऊ लागला की दुसरा सावध व्हायचा. विक्रमासाठी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या या दोघांमध्ये काही किलोमीटरचं अंतर पडलं ते अगदी शेवटच्या घसरणीत.