लाघवाची महती

अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माइतका आनंद होतो, असें आपल्याकडे म्हणतात. यंत्रविद्येंत हाच आनंद कसा दिसतो, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं जपानांतील 'टोयोटा स्पोर्ट्‌स ८००' या चिमुकल्या मोटारीचा वृत्तांत अवश्य ऐकावा.

या मोटारीचे एक प्रमुख शिल्पकार तात्सुओ हासेगावा हे मूळचे विमानांचे अभियंते. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं ताचिकावा कंपनींत लढाऊ विमानाची रचना केली. परंतु १९४५ सालीं जपानचा पराभव झाला आणि जेत्यांनीं तेथें विमानें बांधण्यास बंदी घातली. ऐन तारुण्य वेंचून मिळविलेल्या विद्येस एकाएकीं कोणी गिऱ्हाईकच उरलें नाहीं! पुढें हासेगावा टोयोटा कंपनींत गेले आणि आकाशांतील विद्या त्यांनीं रस्त्यावर उतरविली.

१९६१ सालीं त्या कंपनीनें सामान्य कुटुंबाकरितां 'पब्लिका' नांवाची स्वस्त मोटार काढली. तिच्याच आधारानें बनविलेला क्रीडा-मोटारीचा नमुना १९६२ सालीं तोक्योच्या प्रदर्शनांत मांडला गेला. त्यास दारें नव्हतीं. विमानाप्रमाणें छतच मागें सरकत असे. १९६५ सालीं प्रत्यक्ष विक्रीस आलेल्या गाडीस मात्र दारें होतीं, आणि छताचा मधला भाग काढून ठेवतां येई.

तिचें इंजिन अवघें ७९० घन सेंटिमीटरचें. दोन सिलिंडर एकमेकांसमोर आडवे बसविलेले. ते थंड होत केवळ हवेनें, म्हणून पाण्याचा व रेडिएटरचा भार नाहीं. शक्ति ४५ अश्वांची. एवढ्याशा शक्तीनें शर्यत कशी जिंकावी? त्याच सुमारास होंडा कंपनीनें ६०६ घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरांस मिनिटाला ८,५०० फेरे घ्यावयास लावून ५७ अश्वशक्ति मिळविली होती. हासेगावांचा मार्ग निराळा. शक्ति वाढत नसेल तर विरोध कमी करावा! गाडीचें अंग त्यांनीं असें गुळगुळीत व गोलाकार केलें कीं वारा अडूं नये. वजन ५८० किलोग्रॅमवर आणलें. ती ताशीं १५५ किलोमीटर वेगानें धांवूं लागली.

या विचाराची कसोटी १९६६ सालीं सुझुका येथील ५०० किलोमीटरांच्या शर्यतींत लागली. अधिक बलवान गाड्यांस पेट्रोलसाठीं थांबावें लागलें. ही मितहारी गाडी न थांबतां धांवत राहिली, आणि पहिले दोन्ही क्रमांक तिनेंच पटकाविले.

१९६९ पर्यंत अशा सुमारें ३,१०० गाड्या निघाल्या. त्याच हासेगावांच्या देखरेखीखालीं १९६६ सालीं निघालेली 'कोरोला' मात्र जगभर पसरली. एका वाटेस कुलूप लागलें म्हणून शिकलेली विद्या वाया जात नाहीं. परीक्षेंत वा नोकरींत अपयश येऊन खिन्न बसलेला एखादा तरुण आपल्या घरीं असेल, तर त्यास ही हकीकत जरूर सांगावी.