तुरीच्या फुलाचं सैल दार

नोव्हेंबर-डिसेंबरात यवतमाळहून धामणगावच्या रस्त्याने बाभुळगावकडे निघालं की पऱ्हाटीमधली तुरीची तासं पिवळी झालेली दिसतात. यातलं एक फूल तोडून तळहातावर उघडून पाहावं. मागची मोठी पाकळी म्हणजे ध्वज, पुष्कळदा तिच्या पाठीवर तांबड्या रेघा असतात. बाजूला दोन पंख आणि मध्ये नावेसारखी दुमडलेली जोडपाकळी. या नावेत दहा पुंकेसर आणि कुक्षी दडलेली असतात.

फूल उमलण्याच्या आधीच, कळीत असताना, परागकोश फुटतात. म्हणजे तूर स्वतःच स्वतःचं लग्न लावून मोकळी होते. तरीही तुरीचं घरचं बियाणं चार-पाच वर्षांत मिसळतं. पेरली लाल आणि निघाले निरनिराळ्या रंगांचे दाणे, हा अनुभव जुन्या शेतकऱ्याला नवा नाही. बियाणं राखणाऱ्याची यात काही चूक नसते.

कारण पाकळ्यांच्या घडणीत आहे. तुरीची नाव सैल मिटते. आग्या माशी किंवा पानं कापणारी माशी पंखावर बसली की तिच्या भाराने नाव खाली दबते, केसर बाहेर येतात आणि धुऱ्यापलीकडच्या तुरीचे पराग कुक्षीवर पडतात. असे परके दाणे सरासरी पाचवा हिस्सा, कुठे निम्म्याहूनही जास्त भरतात. माश्या किती आणि कोणत्या, यावर ते अवलंबून. म्हणूनच प्रमाणित बियाण्याच्या शेताभोवती 100 मीटर अंतर सोडावं लागतं. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने ते कुठून आणायचं? तुरीच्याच कुळातल्या वाटाण्याची नाव घट्ट मिटते. मेंडेलचे वाण शुद्ध राहिले ते त्यामुळेच.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये तुरीचा ‘कॅजानस लिनिएटस’ या रानटी नातलगाशी संकर केला, तेव्हा पाकळ्या एकमेकींवर गुंडाळलेली फुलं मिळाली. अशा फुलात परका पराग एक टक्काही शिरत नाही. हा गुण एकाच अप्रभावी जनुकाचा. जनुकाच्या दोन्ही प्रती तशा असल्या तरच फूल मिटलेलं राहतं. एक प्रत साधी असली की दार पुन्हा सैल. एवढ्याशा फरकावर बियाण्याची शुद्धता ठरते, हे मला फार विलक्षण वाटतं.

पण संकरित तुरीला हेच उघडं दार हवं असतं. ‘कॅजानस कॅजानिफोलियस’ या दुसऱ्या रानतुरीच्या पेशीद्रव्यातून नर-वंध्य झाडं तयार झाली. त्यांच्यात पराग नसतो. माशी आली नाही तर शेंगही नाही. त्यांच्यावरच उभा राहिलेला ‘आयसीपीएच 2671’ हा वाण 2010 मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाला. फुलोऱ्यात फवारणी करताना या माशीची आठवण ठेवायलाच हवी.

घरचं बियाणं राखायचं असेल तर कळ्या उमलण्याआधी काही चांगल्या झाडांच्या फांद्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधाव्यात. पिशवीतल्या शेंगा खुणा करून वेगळ्या काढाव्यात. त्यांतले दाणे त्याच झाडाचे.