घरबसल्या मतदान

बँकेचा व्यवहार घरबसल्या होतो, मग मतदान का होऊ नये, हा प्रश्न आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांत हमखास निघतो. एस्टोनिया या चिमुकल्या देशाने ते करून दाखविले आहे. संसदेच्या निवडणुकीत जगात प्रथमच इंटरनेटवरून मते घेतली गेली ती तेथे, २००७ साली. २०२३ मध्ये निम्म्याहून अधिक मते तशीच पडली. एकूण मतदान मात्र सुमारे ६२ टक्क्यांवरून ६३.५ पर्यंतच गेले. सोयीच्या मानाने ही वाढ मला किरकोळच वाटते.

बँकेची उपमाही येथे लंगडी पडते. खात्यावर नाव आणि रक्कम असते. चूक झाली तर पासबुक दाखवून ताळा करता येतो. मत गुप्त हवे, म्हणजे नाव आणि मत यांची फारकत आलीच. एस्टोनियात मत सांकेतिक रूपात बंद होते, त्यावर मतदाराची संगणकीय सही असते आणि मोजणीपूर्वी ती सही अलग केली जाते. पाकिटात पाकीट म्हणा ना!

घरात कोणी दडपण आणले तर? त्यासाठी मुदतीत कितीही वेळा मत बदलता येते, शेवटचे ग्राह्य धरतात. केंद्रावर जाऊन कागदी मत दिल्यास आधीचे रद्द होते. युक्ती नामी आहे. पण ज्या घरात मोबाइल एकच आणि तोही वडिलांच्या हाती, तेथे दुसऱ्यांदा मत देण्यासाठी तो मागायचा कोणी? आमच्या मतदान केंद्रात पुठ्ठ्याच्या आडोशामागे आई एकटीच असते.