क्वार्ट्झसाइट : थंडी चुकवणाऱ्यांचा तळ

कॅनडातली आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांतली निवृत्त मंडळी बर्फ पडू लागला की राहत्या गाड्या घेऊन दक्षिणेची वाट धरतात. तिकडे त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट हा त्यांचा लाडका तळ. २०२०च्या जनगणनेत गावची वस्ती जेमतेम अडीच हजार. जानेवारीत मात्र भोवतालचं वाळवंट गाड्यांनी भरून जातं. लगतच्या ‘ला पोसा’ या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परवाना काढून राहता येतं. जुने दोस्त गाड्या गोलाकार लावून मधोमध शेकोटी पेटवतात, आणि खरी मजा तिथेच. दिवसा ऊन हवंहवंसं, पण रात्री पारा शून्याच्या आसपास उतरू शकतो. गाडीत गॅसचा हीटर लावणार असाल, तर खिडकी किंचित उघडी ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्यापूर्वी जरूर तपासा. या वायूला वास नसतो.